ब्रुजला नेलेली कोरी वाटी

आमच्यात नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत. लिहू नये असं मात्र कुणी सांगितलेलं नाही, कारण ज्यांनी नियम केले त्यांच्या बायकांना लिहिताच येत नव्हतं. तेव्हा लिहून टाकते: नाथा बारकू भोये. वय शहात्तर. मूळचे हरसूलच्या पलीकडच्या एका पाड्यावरचे, आता मुक्काम इंदिरानगरला मुलाच्या फ्लॅटमध्ये. धंदा, भांड्यांवर नावं घालणे.

नाशिकच्या भांडी बाजारात एका दुकानाच्या पायरीशी हे बेचाळीस वर्षं बसले. पुढ्यात लाकडी ठोकळा, उजवीकडे बोटाएवढी हातोडी, डावीकडे छिन्न्यांची पुरचुंडी. लग्नसराईत समोर हंडे, कळश्या, पराती यांची रास लागायची आणि शेजारी चिठ्ठी: चि. सौ. कां. अमुक हिस मामांकडून. पूर्वी कुणाच्या घरी कार्य असलं की गल्लीभरची भांडी तिकडे जायची, आणि परत येताना नावावरूनच आपापल्या घरी यायची. नाव नसलं की गेली. त्यामुळे भांड्याला नाव हे माणसाला असतं तितकंच लागायचं.

बाजारात नावं घालणारे आणखी होते. ते टिंबं मारायचे. टिंबाला टिंब लावत गेलं की झालं अक्षर. यांना ते कधी पटलं नाही. हे छिन्नी टेकवून हातोडीने हलके हलके पुढे सरकवायचे आणि एकसलग रेघ निघायची, वहीत टाकाने काढल्यासारखी. कुणी म्हणालं, "नाथाभाऊ, टिंबं मारा की, लवकर होतं," तर यांचं उत्तर ठरलेलं.

"टिंबं कोंबडीबी मारती चोचीनं. माणसानं रेघ ओढावी."

मी शाळेत गेले दुसरीपर्यंत. मला नीट वाचता आलं ते यांच्या भांड्यांवर. दुपारी डबा घेऊन जायचे आणि यांचं जेवण होईपर्यंत रासेतली नावं लावत बसायचे. अजूनही पुस्तकातला क मला जरा विचार करून ओळखावा लागतो, परातीवरचा लगेच कळतो.

हे या धंद्यात आले कसे, तर हातगाडीवरून. पाड्यावर भात-नागली पिकायची ती कशीबशी दिवाळीनंतर दोन महिने पुरायची. मग आम्ही सगळेच निफाडकडे उतरायचो, ऊसतोडीला. लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा हे म्हणाले, कोयत्याने माझं अक्षर बिघडतंय. मी हसले, कारण अक्षर म्हणजे काय मोठं, चौथी शिकलेल्या माणसाचं. पण हे नाशिकला आले आणि भांड्यांच्या दुकानात हातगाडीवर माल चढवायला लागले. पुढे एका लग्नसराईत नावं घालणारे म्हातारे कारागीर तापाने आडवे झाले. शेठ डोक्याला हात लावून बसला. हे पुढे झाले.

"माझं अक्षर चांगलं हाय, शेठ."

"कागदावर सगळ्यांचंच चांगलं असतं रे. पितळेवर दाखव."

यांनी मोडीत आलेली एक चेपकी कळशी घेतली आणि तिच्यावर शेठचं नाव घातलं. ती कळशी शेठने मोडीत काढलीच नाही, गल्ल्याशेजारी ठेवून दिली. हे पायरीवर बसले ते बसलेच.

बेचाळीस वर्षांत यांच्या हातून एकच मोठी चूक झाली. एका देवळाच्या अकरा समया आल्या होत्या, सगळ्यांवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. सकाळभर कै. घालून हाताला वळण पडलं. मग आलं एका नवरदेवाचं ताट, चि. किशोर. यांनी झपाट्यात घातलं, कै. किशोर. रेघ कोरलेली, पुसायची सोय नाही, आणि नवरीचा बाप तासाभरात ताट न्यायला येणार. हे दहा मिनिटं ताटाकडे बघत बसले. सुदैवाने दोन शब्दांत बोटभर जागा होती. तिथे यांनी 'लास' घातलं, आणि टिंबाला लच्या गाठीत मुरवून टाकलं. झालं कैलास किशोर. नवरीच्या बापाला म्हणाले, "आधी देवाचं ठिकाण, मग माणसाचं नाव. शुभ असतंय." तो इतका खूश झाला की बाकीच्या भांड्यांवरही तसंच घालून घेतलं. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. त्या घरात जावयाचं बदललं. सासुरवाडीला त्यांना आजही कैलासराव म्हणतात.

मग मशीन आलं. पेनासारखं असतं, टर्रर्र करतं, आणि टिंबंच मारतं. हे त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. पण यांची बैठक सुटली ती मशीनमुळे नाही. चार वर्षांपूर्वी यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, वयाचा कंप आहे, गोळीने थोडा कमी होईल, जाणार नाही. एका रविवारी यांनी हातोडी-छिन्न्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधल्या आणि माळ्यावर टाकल्या. मुलगा यादव आणि सून मोहिनी, दोघांनी विचारलं, बाबा, बाजारात का जात नाही.

"गिऱ्हाईक नाय आता," हे म्हणाले.

मला खरं माहीत होतं आणि मला माहीत आहे हे यांना माहीत होतं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. म्हातारपणी संसार असाच सोपा होत जातो, अर्ध्या गोष्टी बोलाव्याच लागत नाहीत.

यादवची मुलगी साक्षी लग्नानंतर नवऱ्याबरोबर हॉलंडला गेली. नवरा धनराज, मोठा शांत मुलगा, कसल्याशा बारीक बारीक चिपा बनवायच्या यंत्रांचं काम करतो. गावाचं नाव आइंडहोवन. मला ते म्हणता येईपर्यंत परत यायची वेळ झाली. गेल्या हिवाळ्यात साक्षीला तिकडेच मुलगी झाली. नाव ठेवलं ऋजुता. तिथे तीन दिवसांत सरकारला नाव कळवावं लागतं, म्हणजे पाळण्याआधी कागदावर. तिथले लोक तिला रुयुता म्हणतात. आम्ही पोचेपर्यंत बारसं थांबवून ठेवलं होतं. बाराव्या दिवसाचं बारसं व्हिसामुळे चौथ्या महिन्यावर गेलं.

निघायच्या आधी साक्षीचा फोन आला. "आजोबा, काही आणू नका. आजोळची चांदीची वाटी तेवढी आणा, आणि तिच्यावर नाव तुम्ही घालायचं. मशीनचं नको. तुमची रेघ पाहिजे."

हे म्हणाले, "हो."

मी यांच्याकडे बघितलं. हे खिडकीकडे बघत होते.

सराफ बाजारातून वाटी घेतली. सराफ म्हणाला, पाच मिनिटांत मशीनवर नाव टाकून देतो, काका. हे म्हणाले, नाव मी घालणार आहे. माळ्यावरून फडकं खाली आलं आणि मोठ्या बॅगेत, माझ्या साड्यांच्या मधोमध बसून हॉलंडला गेलं. यादवला रजा मिळाली नाही. मोहिनी, मी आणि हे, असे तिघे गेलो.

तिथे पोचल्यावर रोज एक कारण निघू लागलं. पहिले दोन दिवस झोपेची वेळ उलटी झाली म्हणून. मग उजेड चांगला नाही म्हणून. मग बसायला पाट नाही. पाट म्हणून धनराजने कुठून तरी एक लाकडी खोकं आणलं, तर हे म्हणाले, खालच्या मजल्यावर माणसं राहतात, ठोकठोक ऐकून पोलीस बोलावतील. बारसं रविवारी ठरलेलं. त्याआधीच्या बुधवारी मोहिनी स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "आई, स्टेशनजवळ किल्ल्या बनवायचं दुकान आहे. तिथे चांदीवर नाव घालून देतात, मी बघून आले. बाबांना कशाला त्रास?"

"तू त्यांना असं काही म्हणालीस?"

"नाही हो. मी कशाला म्हणू? तुम्हीच विचारा."

मी विचारलं नाही. त्यात धनराजने दोन दिवसांची सुट्टी काढून सहल ठरवली होती. गुरुवारी जायचं, शुक्रवारी यायचं. आमच्यासाठीच ठरवली होती, नाही कसं म्हणणार.

गाव बेल्जियम देशातलं, मोटारीने दोन-अडीच तासांवर. नाव ब्रुज. तिथले लोक घसा खाकरल्यासारखं करून 'ब्रुख्ख' म्हणतात. देश बदलला तेव्हा मी झोपले होते. उठले तर साक्षी म्हणाली, आजी, आपण दुसऱ्या देशात आलो. मी म्हटलं, नाका कुठे लागला? नाशिकहून गुजरातेत जाताना यापेक्षा जास्त वेळ लागतो.

गाव मात्र खरंच बघण्यासारखं. सात-आठशे वर्षांची घरं, विटांची, पायऱ्यापायऱ्यांची डोकी असलेली, आणि कुणी ती पाडून फ्लॅट बांधलेले नाहीत. मधून पाण्याचे कालवे, त्यांवर कमानीचे बुटके पूल. रस्ते दगडी गोट्यांचे, त्यावरून बाळाची गाडी अशी खडखडत जायची की ऋजुता रडायची थांबून ऐकतच राहायची. चौकात उंच मनोरा, त्याला तीनशे सहासष्ट पायऱ्या. मोहिनी आणि धनराज चढले. उतरल्यावर मोहिनीचे पाय इतके लटपटत होते की तिने पुन्हा पायऱ्यांचा विषय काढला नाही. वर घंटाच घंटा आहेत म्हणे, त्या ठराविक वेळाने गाणं वाजवतात. यांना ते आवडलं. "पितळ चांगलं वापरलंय," म्हणाले. मी म्हटलं, पितळ नसेल, कासं असेल. त्यावर आमचं पुलापर्यंत चाललं.

दुपारी एका मोठ्या चर्चमध्ये गेलो. आत गारवा आणि शांतता. खाली फरशीत मोठमोठे दगड बसवलेले आणि त्यांवर कोरलेली नावं. धनराजने सांगितलं, या कबरी आहेत, जुन्या मोठ्या लोकांच्या. सगळे पर्यटक त्यावरून चालत होते. हे उंबऱ्याशीच थांबले. मग एका दगडाच्या कडेने वळून, दुसऱ्या दगडाच्या फटीवर पाऊल टाकत, लंगडी खेळल्यासारखे पुढे निघाले. लोक बघायला लागले.

"आजोबा, चालतं इथे," धनराज म्हणाला. "सगळेच चालतात."

"चालत असतील. नाव हाय ते माणसाचं. नावावर पाय कसा देऊ?"

मग काय, मीही तशीच निघाले. मोहिनी मागे राहून आम्ही कुणी लागत नसल्यासारखी छताकडे बघू लागली. एका दगडापाशी हे उकिडवे बसले आणि अक्षरांच्या खाचेतून बोट फिरवलं. निम्मं नाव चालणाऱ्यांच्या बुटांनी घासून गेलं होतं. निम्मं अजून खोल होतं.

"लय चांगला हात हाय," हे म्हणाले. 

संध्याकाळी आम्ही दोघं कालव्याकाठी बाकावर बसलो. पाण्यात हंस होते, बदकं नव्हेत, खरे हंस, फार मिजासखोर. बाकीचे वॅफल नावाचं काहीतरी आणायला गेले होते. यांनी स्वेटरच्या आत हात घातला आणि बंडीच्या खिशातून वाटी काढली. मला वाटत होतं ती आइंडहोवनला कपाटात आहे.

"भागे, पोरीला सांग. मला नाय जमायचं."

"काय नाही जमायचं?" मला कळलं होतं, तरी विचारलं. इतक्या वर्षांनी एकदा तरी यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

यांनी वाटी तळहातावर धरली. ती इतकी हलत होती की तिचा कवडसा समोरच्या भिंतीवर नाचत होता.

"रेघ सरळ यायची नाय. पोरीला म्हाताऱ्याचा हात हवाय, पण हात तो राहिला नाय. वाकडं आलं तर जन्मभर वाकडं. इथं कैलास करायलाबी जागा नाय."

"मग?"

"मोहिनी म्हणती ते किल्लीवालं दुकान. घालू दे तिथं."

म्हणजे यांना ते ऐकू गेलं होतं. बाजारातल्या ठोकठोकीने कान निम्मे गेलेत, पण नको ते बरोबर ऐकू येतं.

मी म्हटलं, "'हो' तुम्ही म्हणाला होतात. 'नाही'सुद्धा तुम्हीच म्हणा. मी निरोप पोचवायची नाही."

"उद्या सांगतो," हे म्हणाले आणि वाटी परत खिशात गेली.

शुक्रवारी सकाळपासून झिमझिम होती. तीन वाजता बोटीची फेरी होती, धनराजने जागा धरून ठेवल्या होत्या. तोवर बाळ भिजायला नको म्हणून आम्ही एका घरात शिरलो. बाहेर लेसचे तुकडे टांगलेले होते. आत पाच-सहा बायका बसून हातांनी लेस विणत होत्या. आपली क्रोशाची नव्हे. मांडीसमोर घट्ट गोल उशी, उशीवर जाड कागद, कागदावर टाचण्या टोचलेल्या, आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाला विटीएवढं लाकडी रीळ. अशी पन्नास-साठ रिळं. ती इकडून तिकडे टाकत राहायची, खुळखुळ आवाज होत राहतो, आणि मधे लेस तयार होत जाते. कुठलं रीळ कुठे जातं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

कोपऱ्यात एक बाई बसल्या होत्या, ऐंशीच्या असतील. त्यांनी चष्मा काढून पुसला तेव्हा मी बघितलं. त्यांचे हात थरथरत होते, यांच्यापेक्षाही जास्त. यांनीही बघितलं. हे सरळ त्यांच्या उशीपाशी जाऊन उभे राहिले.

बाईंनी चष्मा लावला, टाचणी घेतली. टाचणी हवेत लटलटत होती. मग तिचं टोक कागदावर टेकलं आणि जागच्या जागी आत गेलं. पुन्हा दुसरी, पुन्हा तिसरी. लेस एकदम नीट, कुठे एक गाठ इकडेतिकडे नाही.

"भागे," हे कुजबुजले, म्हणजे चार लोकांना ऐकू जाईल इतक्या हळू. "हिचाबी हात हलतोय. मग काम कसं हलत नाय?"

मी वाकून बघितलं. टाचण्यांच्या पुढे जो कोरा कागद होता, त्यावर आधीच बारीक भोकं पाडून ठेवलेली होती. नक्षी सगळी भोकाभोकांची.

"अहो, हा तर रांगोळीचा कागद," मी म्हटलं.

आपल्याकडे दारात ठिपक्यांची रांगोळी काढतात, तेव्हा ठिपके सरळ ओळीत यावेत म्हणून कागदाला उदबत्तीने भोकं पाडून ठेवतात. कागद जमिनीवर पसरायचा, वरून रांगोळी फिरवायची, कागद उचलला की खाली ठिपके हजर. माझे गुडघे गेले तेव्हापासून मी तशीच काढते. हात कसाही गेला तरी ठिपका ठरल्या जागीच पडतो.

हे उशीवर आणखी वाकले. थोड्या वेळाने धनराजला म्हणाले, "त्यांना विचार, ती भोकं कशानं पाडतात?"

धनराजने इंग्रजीत विचारलं. बाईंनी खणातून एक लाकडी मुठीची सुई काढली आणि उरलेल्या जाड कागदाचा तुकडा यांच्यापुढे सरकवला. यांनी सुई हातात घेतली. हवेत होती तोवर ती थरथरली. टोक कागदाला टेकलं आणि थांबली. टुच्. यांनी माझ्याकडे बघितलं. मग दुसरं टिंब, तिसरं. वीस-बावीस टिंबं झाली आणि कागदावर न उभा राहिला. नाथाचा न, उजेडाकडे धरला की लखलखणारा.

बाईंनी विचारलं, हे काय. धनराजने सांगितलं, अक्षर आहे, हे भांड्यांवर नावं कोरतात. बाईंनी यांचा तो हात धरला, आपला पुढे केला, दोन्ही हलणारे हात एकमेकांशेजारी धरले आणि हसल्या. त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. हे मराठीत म्हणाले, "हो ना. वयाचं हाय ते." दोघांचं अगदी पटलं.

मोहिनी घड्याळ दाखवत आली. "बाबा, बोट निघेल आता. पैसे भरलेत."

"तुम्ही जावा. पाणी गोदावरीलाबी हाय."

पाऊस उघडला होता, ते तिघं बाळाला घेऊन बोटीतून फिरून आले. आम्ही पाच वाजेपर्यंत तिथेच. निघताना बाईंनी ती सुई यांच्या खिशात घातली, पैसे घेतले नाहीत.

मोटारीत बसल्यावर मला वाटलं आता हे खुलतील. पण हे सुईच्या मुठीवर अंगठा फिरवत बसले. देश पुन्हा बदलला, तरी तेच. मग एकदम म्हणाले, "पण टिंबं, भागे. जन्मभर टिंबांना नावं ठेवली. पोरगीनं रेघ मागितलीय."

"रेघ आता नाहीये. टिंब आहे. द्यायचं की नाही ते सांगा."

"लोक काय म्हणतील?"

"हॉलंडात तुम्हाला कोण ओळखतंय? एक दिवस कोंबडी व्हा."

पुढच्या रांगेत बाळाशेजारी बसलेल्या साक्षीने मागे वळून विचारलं, "आजी, काय झालं?" हे म्हणाले, "काय नाय. तुझी आजी मला कोंबडी म्हणतीय." आणि पुढे स्वतःच सांगितलं, "साक्षे, मला आता रेघ येत नाय. टिंबांनी घालीन. चालंल का? नाय चालत तर दुकानातनं घालून आण, मी रागवायचा नाय."

साक्षी पुन्हा पुढे वळली. बाळाची टोपी नीट करत बसली. मग म्हणाली, "आजोबा, तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"आधी टिंबं येत नव्हती," हे म्हणाले.

शनिवारी सकाळी नऊला मांडामांड झाली. खिडकीपाशी लाकडी खोकं, खाली सतरंजी. वाटीला ठोकताना आत पोचा पडू नये म्हणून नाशिकला हे राळ भरायचे. इथे राळ कुठली. साक्षीने मोठा बटाटा वाटीच्या मापाने कापून आत घट्ट बसवला. हॉलंडात बटाट्याला तोटा नाही.

"नाव तू काढ कागदावर," हे मला म्हणाले. "माझा पेनबी पळतोय."

आता आली पंचाईत. ऋ हे अक्षर मी जन्मात काढलं नव्हतं. आमचा ऋशी संबंध वर्षातून एकदा, ऋषिपंचमीला, तोही कॅलेंडरवर. साक्षीने मोबाइलवर हे एवढं मोठं करून दाखवलं. मी चार कागद फाडले. ऋ म्हणजे एकाच्या अंगात दुसरा शिरलेला, कुठून सुरू करावं तेच कळत नाही. पाचव्या कागदाला साधलं. ज आणि त माझ्या ओळखीचे होते, पराती-कळश्यांवरचे. मग मी बाईंच्या सुईने रेघेवरून भोकं पाडली आणि कागदाची पट्टी चिकटपट्टीने वाटीच्या पोटावर बसवली.

यांनी फडक्यातला, खुणा करायचा टोकदार टोच्या उचलला. हवेत नाचला तो. भोकात टेकला, थांबला. हातोडी टुक्. पुन्हा उचलला, पुन्हा नाचला, पुन्हा टेकला. पूर्वी असं नाव हे चार मिनिटांत घालायचे, वर गिऱ्हाइकाशी गप्पा मारत. आज एक वाजला. मधे दोनदा थांबले, हात मांडीखाली दाबून बसले.  खालच्या मजल्यावरच्यांनी पोलीस काही बोलावले नाहीत. मोहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि डोळे पुसत होती. मी विचारलं तर कांदा चिरतेय म्हणाली. तिच्या हातात भेंडी होती.

कागद काढला. ऋजुता.

यांनी वाटी लांब धरली, जवळ धरली. "ज चा उकार लांबलाय."

"थोडासाच."

"कागद तुझा हाय. मी भोकात मारलंय."

"बरं, माझी चूक," मी म्हटलं. एरवी मी सहज मान्य करत नाही.

साक्षीने वाटी घेतली आणि अंगठा फिरवला. तिच्या लग्नातल्या सगळ्या भांड्यांवर यांची रेघ आहे. ती म्हणाली, "हे त्या नावांसारखं नाही, आजोबा."

"नाय."

"हे हाताला लागतं. रेघ लागत नव्हती." आणि तिने बाळाची मूठ उघडून तिची बोटं त्या टिंबांवरून फिरवली. बाळाने वाटी तोंडात घातली, तिच्या मते सगळंच त्यासाठी असतं.

रविवारी बारसं झालं. नाशिक, नागपूर, सोलापूर, कुठकुठची मुलं आली होती. वाटी हातोहात फिरली. कुणी विचारलं, कुठून करून घेतलं, तर साक्षी यांच्याकडे बोट दाखवायची आणि हे कॉलर नीट करायचे. एका मुलीने, तिचंही बाळंतपण दोन महिन्यांवर आलं होतं, लगेच विचारलं, "आजोबा, आमच्या वाटीवर घालून द्याल का?" हे म्हणाले, "कागद हिच्याकडनं काढून घ्या," आणि माझ्याकडे हात केला.

आम्ही आणखी तीन आठवडे होतो. रोज न्याहारी झाली की हे खिडकीपाशी बसायचे. आधी साक्षीच्या स्टीलच्या डब्यांवर नावं पडली. मग चमच्यांवर, मग कुकरच्या झाकणावर, मग किटलीवर. धनराजच्या डब्यावर धनराज घातलं, आणि त्याला ऑफिसात सगळ्यांना ते वाचून दाखवावं लागलं. मी कागद काढून काढून दमले, माझंही अक्षर जरा सुधारलं. आम्ही नाशिकला परत निघालो तेव्हा त्या घरात बिननावाचं एकच भांडं उरलं होतं, नॉनस्टिकचा तवा, आणि तो साक्षीने कपड्यांच्या कपाटात लपवून ठेवला होता.